सात दिवे आणि एक मारुतीस्तोत्र

फ्रान्सच्या खेड्यात रात्री आभाळात काही विचित्र दिसलं, तर सांगायचं कुणाला? लष्कराला. हे ऐकून आमचे बाबा जाम खूश झाले होते. खेड्यापाड्यांत गस्त घालणारे, अपघाताचे पंचनामे करणारे, निळ्या गणवेशातले लोक आपल्याला पोलीस वाटतात, पण ते जाँदार्म असतात. म्हणजे सैनिकच. बराकीत राहतात, लष्करी हुद्दे लावतात. २००९ पासून त्यांचा कारभार गृहमंत्र्यांच्या हाताखाली आला, तरी दर्जा सैन्याचाच राहिला. कुणी येऊन ‘मला आकाशात काहीतरी दिसलं’ म्हणालं तर त्याला वाटेला लावायचं नाही, रीतसर जबाब नोंदवायचा आणि त्याची प्रत तुलूजला पाठवायची, हेही त्यांच्या कामात मोडतं. सत्तरच्या दशकापासून हे चालू आहे.

तुलूजला, कारण फ्रेंच अवकाश संस्थेचं, क्नेसचं, मोठं केंद्र तिथे आहे आणि त्या केंद्रात अशा जबाबांचा तपास करणारा जेइपान नावाचा एक छोटासा विभाग आहे. १९७७ मध्ये तो सुरू झाला. मधे नावं बदलली, आताचं नाव २००५ पासूनचं. मोजकीच माणसं, बाकी मदतीला देशभर पसरलेले प्रशिक्षित स्वयंसेवक. कामावर देखरेख करणाऱ्या समितीत जाँदार्मरी, हवाई दल, नागरी विमान वाहतूक, हवामान खातं अशा सगळ्यांची माणसं. मी तुलूजमध्येच विमानांच्या वायरिंगचं काम करते, या केंद्रावरून कितीदा तरी गेले असेन, पण तिथे असं काही चालतं याचा मला पत्ता नव्हता.

पंधरा ऑगस्टला इथेही सुट्टी असते, अर्थात ती मेरी मातेच्या नावाने. २०१९ मध्ये ती गुरुवारी आली. शुक्रवारची रजा जोडून आम्ही जेर्समध्ये शेतावरचं एक घर भाड्याने घेतलं. मी, नवरा निखिल आणि उन्हाळ्यापुरते नाशिकहून आलेले बाबा. जेर्स म्हणजे तुलूजच्या पश्चिमेचा जिल्हा. सूर्यफुलांची शेतं, बदकं, आर्मान्याक नावाची ब्रँडी आणि रात्री मिट्ट काळोख.

शनिवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास बाबा अंगणात खुर्ची टाकून त्यांचं नेहमीचं मारुतीस्तोत्र म्हणत बसले होते. तोंड दक्षिणेला. उजव्या हाताला अक्रोडाचं झाड होतं, त्याच्या मागून एक नारिंगी दिवा वर आला. मग दुसरा. असे सात. आवाज अजिबात नाही. लुकलुक नाही, विमानाचे लाल-हिरवे दिवे नाहीत. सगळे संथपणे उजवीकडून डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले. मधे एकदा तीन दिवे असे जमले की अगदी नीट त्रिकोण झाला, आणि निखिल ओरडला. मग पुढचे एकेक करून साधारण एकाच जागी मंद होत विझले. शेवटचा मात्र बाकीच्यांपेक्षा उंच गेला, थांबला आणि चक्क उलटा फिरला. आल्या दिशेने थोडा गेला आणि मग विझला. निखिलने व्हिडिओ काढला होता. त्यात काळा पडदा, थरथरणारे दोन ठिपके आणि निखिलचा आवाज, एवढंच आहे.

खबर आम्ही दिलीच नाही. सकाळी घरमालकीण अंडी द्यायला आली, तिला सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. ‘जळत होते? खाली पडले? कुठे?’ गहू कापून झालेला, शेतात वाळलेली धसकटं, महिनाभर पाऊस नाही. तिला परग्रहाशी काही घेणं नव्हतं. तिने तिथूनच जाँदार्मरीला फोन लावला.

दोघं आले. त्यांच्यातले थोरले आज्युदाँ हुद्द्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. पहिला प्रश्न तोच: काही पेटतं खाली पडताना दिसलं का? दिवे विझले त्या दिशेच्या शेतात दोघं बांधाबांधाने फिरून आले. काही सापडलं नाही. मग बाबांच्या खुर्चीपाशी उभं राहून त्यांनी होकायंत्राने दिशा घेतल्या, अक्रोडाच्या झाडाचा फोटो काढला, पलीकडच्या शेतकऱ्याला विचारून आले. त्याने काही पाहिलं नव्हतं, कुत्राही भुंकला नव्हता. कुत्रा भुंकला नाही हेसुद्धा वहीत गेलं. आणि मग, फार सभ्यपणे: काल रात्री जेवणाबरोबर काय काय घेतलंत? निखिलने आर्मान्याक घेतली होती. एक पेग, असं तो म्हणाला. बाबा ताक प्यायले होते. ते फ्रेंचमध्ये समजावता समजावता माझी दमछाक झाली.

दुपारी जबाबासाठी ठाण्यावर गेलो. आधी वेगवेगळं बसवलं. एकमेकांशी बोलून झालेलं असणारच, पण आता थांबा, असं सांगितलं. माझा जबाब घेताना आज्युदाँ दोन बोटांनी टाइप करत होते आणि दर तिसऱ्या वाक्याला थांबवत होते. ‘दिवे वर उडाले’ असं मी म्हटलं. ते म्हणाले, वर उडाले की तुमच्या नजरेला झाडाच्या वर आले? निखिलला तर त्यांनी घामच फोडला. तो म्हणाला, त्रिकोणी आकाराचं काहीतरी होतं. आकार दिसला? कडा दिसल्या? मागचे तारे झाकले गेले? नाही. मग तीन दिवे दिसले, असं लिहितो. निखिल गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होता की माझा जबाब बदलला. बदलला नव्हता, त्याने न पाहिलेलं तेवढं काढून टाकलं होतं. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि पानापानावर सही घेतली.

मला या प्रकारात सगळ्यात आवडलं ते हे की तिथे कुणी हसलं नाही आणि कुणी उत्तेजितही झालं नाही. चोरीला गेलेल्या सायकलीची तक्रार लिहावी तसं चाललं होतं. आपल्याकडे अशा गोष्टीचं दुसऱ्या दिवशी एक तर टीव्हीवर ग्राफिक येतं किंवा सांगणाऱ्याची चेष्टा होते. मधली कंटाळवाणी वाट कुणी धरत नाही.

बाबांच्या जबाबापाशी घोडं अडलं. त्यांना फ्रेंच येत नाही. मी म्हटलं, मी सांगते भाषांतर करून. आज्युदाँनी मान हलवली. तुम्ही स्वतः साक्षीदार आहात, तुम्ही त्यांच्या तोंडून बोलू शकत नाही. मराठी दुभाष्या त्या तालुक्याच्या ठाण्यात कुठून मिळणार? शेवटी, तिसऱ्या साक्षीदाराचं म्हणणं वेगळं घेतलं जावं, अशी नोंद करून कागद तुलूजला गेले. बाबा नाराज. ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानांच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेली. दोषाचा अहवाल लिहिताना ‘काय आढळलं’ आणि ‘कशामुळे झालं असावं’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे, हे त्यांनी पोरांना शिकवलेलं. सगळ्यात चांगला साक्षीदार तेच होते आणि त्यांनाच बाकावर बसवून ठेवलं होतं.

निघताना आज्युदाँनी एक फोन केला. पामिएला छत्रीधारी सैनिकांची रेजिमेंट आहे. त्यांचा रात्रीचा काही सराव होता का, हे ते विचारत होते. नव्हता.

घरी आल्यावर निखिल जेइपानच्या जुन्या प्रकरणांत बुडाला. २००७ पासून त्यांनी सगळं दप्तर लोकांसाठी खुलं केलंय. त्यात १९८१ च्या जानेवारीतलं त्राँ-आँ-प्रोव्हाँसचं प्रकरण आहे. बागेत काम करणाऱ्या एका माणसाने काहीतरी जमिनीवर उतरून पुन्हा उडाल्याचं सांगितलं, जाँदार्म दुसऱ्या दिवशी जाऊन माती आणि झाडपाल्याचे नमुने घेऊन आले आणि त्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्यावर आजही भांडणं चालतात. मला त्याहून ५ नोव्हेंबर १९९० ची संध्याकाळ जास्त रंजक वाटली. नैऋत्येकडून ईशान्येकडे, जवळजवळ सगळा फ्रान्स ओलांडत दिव्यांचा एक ताफा गेला, शेकडो लोकांनी पाहिला. काहींनी खिडक्या असलेलं अवाढव्य यान पाहिल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तो सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा तिसरा टप्पा होता, वातावरणात शिरून जळत तुकडे होत चाललेला. दिवे सुटे होते. यान बघणाऱ्यांनी जोडून घेतलं. आमच्या त्रिकोणाची मला आठवण झाली, पण मी बोलले नाही. घरात शांतता हवी होती.

काही आठवड्यांनी जेइपानकडून प्रश्नावली आली. ती भरताना मला पहिल्यांदा कळलं की आपण काय पाहिलं हे सांगणं किती अवघड असतं. दिशा, क्षितिजापासूनची उंची अंशांत, रंग, कडा स्पष्ट की धूसर, चष्मा होता का, काचेतून पाहिलं की उघड्यावर, औषधं कोणती घेता. (बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तेही लिहिलं.) आकाराच्या रकान्यात निखिलने लिहिलं: फुटबॉलएवढे. तिथेच सूचना होती की हात लांब करून पट्टी धरा आणि पट्टीवर वस्तू किती मिलिमीटर भरली असती ते सांगा. पूर्ण चंद्र अशा पट्टीवर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर भरतो. हे वाचून निखिल गच्चीत पट्टी घेऊन गेला आणि फुटबॉल खोडून आला. शिवाय असे प्रश्न होते: अशा गोष्टींत आधीपासून रस होता का? पाहताना काय वाटलं? आता काय वाटतं? बाबा म्हणाले, हे दिव्यांची नाही, आपली चौकशी करताहेत. बरोबरच होतं. दिवे विझून गेलेले. तपासण्यासारखे उरलो होतो फक्त आम्ही.

पुढे एका स्वयंसेवकाचा फोन आला. निवृत्त गणित शिक्षक, राहायला जेर्समध्येच. खरं तर आमचं प्रकरण कुणी प्रत्यक्ष यावं इतक्या तोलामोलाचं नव्हतं. असली बहुतेक प्रकरणं टेबलावरच निकालात निघतात. पण घर जवळ, तिसरा साक्षीदार राहिलेला आणि त्या उलट फिरलेल्या दिव्याबद्दल त्यांना कुतूहल. बाबांचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं, म्हणून सप्टेंबरातच आम्ही परत त्या शेतावर भेटलो. बाबांशी ते इंग्रजीत बोलले. मला आणि निखिलला घरात बसवलं, खिडकी बंद.

तरी थोडं ऐकू येत होतंच. आठवणीतलं जसंच्या तसं काढायची त्यांची एक पद्धत आहे. तुलूजच्या विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने जेइपानने ती बसवली. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही, साक्षीदाराला त्या क्षणात परत नेऊन बसवायचं. खुर्ची त्याच जागी. वारा अंगावर कुठून येत होता? उजव्या गालावर. वास कसला? पलीकडे कुणीतरी मांस भाजत होतं, त्याचा. ऐकू काय येत होतं? बाबा म्हणाले, मीच बोलत होतो. मारुतीस्तोत्र.

पहिला दिवा झाडावर आला तेव्हा कुठल्या ओळीवर होतात? बाबांना आठवत होतं, नुकतीच सुरुवात केली होती. आणि शेवटचा विझला तेव्हा? फलश्रुती संपत आली होती. घड्याळ पाहिलं होतं का? नाही. पण दिवे बघतानाही म्हणणं सोडलं नव्हतं. अर्ध्यात सोडायचं नसतं. मास्तरांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाले, तेवढ्याच गतीने पुन्हा म्हणा. जेर्समधल्या त्या अंगणात एका फ्रेंच गणित शिक्षकासमोर बाबांनी खणखणीत आवाजात मारुतीस्तोत्र म्हटलं. साडेतीन मिनिटं. निखिलने जबाबात लिहून दिलं होतं ‘किमान पंधरा मिनिटं’. मास्तर नंतर म्हणाले की वेळ सगळेच ताणतात, पण स्वतःचं मोजमाप बरोबर घेऊन आलेला साक्षीदार त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

दुसरं मोजमापही बाबांकडूनच आलं. दिवे जात असताना खाली एखादा ठळक तारा होता का, असं विचारल्यावर ते लगेच म्हणाले, गुरू होता. दक्षिणेला, थोडा उजवीकडे, लुकलुकत नव्हता. तिसरा दिवा त्याच्या बरोबर वरून गेला, मधे मुठीएवढं अंतर. हात लांब केला की मूठ साधारण दहा अंश भरते. त्या रात्री त्या वेळी गुरू नेमका कुठे होता हे संगणक सांगतो, त्यामुळे दिव्याची जागा पक्की झाली. इथे बाबांना राहवलं नाही. त्यांनी मास्तरांना लडाखची गोष्ट ऐकवली. २०१२ मध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या सैन्याला रात्री पिवळे दिवे दिसायला लागले, चीनची टेहळणी असणार असं वाटून नोंदींवर नोंदी झाल्या, आणि शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी तपासून सांगितलं की ते गुरू आणि शुक्र आहेत. तिथे गुरू आरोपी होता, इथे पंच, असं बाबा म्हणाले. मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

मग अंगणातल्या टेबलावर गणित मांडलं. साडेतीन मिनिटांत दिव्यांनी आकाशाचे साठेक अंश कापले. ते सहाशे मीटरवर असतील तर वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, म्हणजे त्या रात्रीच्या वाऱ्याइतका. दहा किलोमीटरवर असतील तर ताशी पावणेदोनशे. अंतर कुणालाच माहीत नाही. काळोखात एकट्या दिव्याचं अंतर डोळ्यांना कळतच नाही. पण दिशा वाऱ्याची, वेग वाऱ्याचा, रंग नारिंगी, आवाज नाही, एकेक करून साधारण एकाच ठिकाणी विझणं. एव्हाना मलाही कळलं होतं. उडते कंदील. दिवाळीच्या तोंडावर मुंबई पोलीस दरवर्षी ज्यांच्या विक्रीवर आणि उडवण्यावर बंदी घालतात, तेच. कागदाची पिशवी, खाली रिंगण, त्यात मेणात भिजवलेलं इंधन. इंधन सारखंच असल्यामुळे एकामागोमाग सोडलेले कंदील वाऱ्याबरोबर तेवढंच अंतर कापून तिथेच संपतात.

आणि उलट फिरलेला? तो इतरांपेक्षा उंच गेला होता. वरच्या थरात वारा वेगळ्या दिशेने वाहत असेल तर कंदील वळतो, आणि एका थरातून दुसऱ्यात जाताना थांबल्यासारखा दिसतो. बोर्दोहून रोज हवामानाचे फुगे सोडतात, त्यांच्या नोंदी याला जुळतात का ते बघू, असं मास्तर म्हणाले.

निखिलला रडारची आस लागली होती. लियोंजवळ माँ-व्हेर्दाँला हवाई दलाचं मोठं नियंत्रण केंद्र आहे, जेइपान त्यांच्याकडून रडारच्या नोंदी मागवू शकतं. पण आमच्यासाठी मागवल्या नाहीत. दर प्रकरणाला मागवत नाहीत, आणि बाबा म्हणाले तसं, कागद रडारला दिसणार तरी काय? निखिलला हा अपमान वाटला. मला नाही वाटला. आपल्या सात दिव्यांसाठी हवाई दलाने काय काय करावं, याला काही मर्यादा असावी.

निकाल बऱ्याच महिन्यांनी आला. जेइपान प्रत्येक प्रकरणाला चारांतलं एक अक्षर देतं. ए म्हणजे उलगडा झाला, बी म्हणजे बहुधा झाला, सी म्हणजे माहितीच अपुरी, आणि डी म्हणजे माहिती भरपूर, तपास पूर्ण, तरी उलगडा नाही. डी फार थोडे, शंभरात तीनाच्या आसपास. आम्हाला बी मिळाला. कंदील जवळपास नक्की, पण सोडले कुठून हे सापडलं नाही, आणि बोर्दो त्या शेतापासून लांब असल्यामुळे वरच्या वाऱ्याचा पुरावा सैल. दप्तरात आमची नावं नाहीत. गावाचं नाव, कंसात जिल्ह्याचा क्रमांक ३२, तारीख, खाली अहवाल आणि बाबांनी काढलेली आकृती, अक्रोडाच्या झाडासकट.

निखिलला बी मान्य नाही. त्या परिसरातले लग्नाचे हॉल आणि समारंभाची शेतघरं शोधून त्याने फोन केले. त्या शनिवारी लग्नं झाली होती, पण कंदील? छे, आम्ही नाही. ते खरंही असेल. पण वणव्यांच्या भीतीने उन्हाळ्यात इथल्या कितीतरी जिल्ह्यांत कंदील सोडायला बंदी असते, तेव्हा फोनवर एका अनोळखी माणसाला कोण हो म्हणणार? बाबांना बी पूर्ण मान्य आहे. एचएएलमध्येही याहून जास्त लिहिलं नसतं, म्हणतात. त्यांची तक्रार वेगळी होती. अहवालाच्या सारांशात ‘अनेक दिवे’ असं आलं होतं. जबाबात सात आहेत, मग सारांशात सात का नाहीत? नाशिकहून फोन करून त्यांनी मला जेइपानला मेल करायला लावलं. दुरुस्ती झाली.